सरकीतले गॉसिपॉल आणि गाठीचा रिपोर्ट

सरकी फोडून पाहिली तर आतल्या मगजात टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके दिसतात. मालेगाव, येवला, नांदगाव भागातल्या कापूस पिकवणाऱ्या घरांना ते नवे नाहीत. दुभत्या म्हशीला सरकीची पेंड चालते, पण लहान वासराला ती देऊ नये, असे पशुवैद्यक सांगतात. कारण या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. किडीपासून बचावासाठी कपाशीने ते तयार केलेले असते. मोठ्या जनावराच्या पोटातले जंतू त्याचा जोर बराच कमी करतात. वासराच्या पोटाची तेवढी तयारी झालेली नसते. (बाजारातल्या शुद्ध केलेल्या सरकी तेलाला मात्र घाबरू नये. शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जाते.)

हेच द्रव्य पुढे दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी औषध म्हणून तपासले गेले.

चीनमधल्या काही गावांत लोक कच्च्या सरकीचे तेल खात आणि तिथे जोडप्यांना मुले होईनात, हे 1950 च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. शोध गॉसिपॉलपर्यंत पोहोचला. पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी हवी होतीच. 1972 पासून आठ हजारांहून अधिक पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम गॉसिपॉल दिले गेले. दोन-अडीच महिन्यांत बहुतेकांचे शुक्रजंतू जवळजवळ नाहीसे झाले. गोळी चालली.

पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम इतके घसरले की हातपाय लुळे पडले. असे रुग्ण शंभरात एकाहून कमी होते. त्याहून गंभीर गोष्ट गोळी बंद केल्यावर कळली. दहापैकी एका-दोघांत शुक्रजंतू परत आलेच नाहीत. पुढे मूल हवे असलेल्या तरुणाला असे औषध कोण देणार? 1980 च्या दशकात चीनने हा मार्ग सोडला आणि 1998 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही गर्भनिरोधक म्हणून यावरचे संशोधन थांबवावे असे सांगितले. ‘वनस्पतीचे आहे, म्हणजे साइड इफेक्ट नाही’ असे ओपीडीत रोज ऐकू येते. त्याला या गोळीइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही.

दुसरे कारण कर्करोगाचे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात 1960 च्या दशकात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगाचा हार्मोन व आनुवंशिकतेशी असलेला संबंध उंदरांवर अभ्यासला. अशा प्रयोगशाळांत काचेच्या बशीत वाढणाऱ्या कर्कपेशींवर नवे द्रव्य टाकून पाहतात. बशीत गॉसिपॉलने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या. म्हणून अमेरिकेत ते 20 रुग्ण स्त्रियांना देऊन पाहिले गेले. त्यांचा आजार शरीरात पसरलेला होता आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. दोघींच्या रक्तातला मार्कर निम्म्याहून खाली आला, आजारही काही काळ जागच्या जागी राहिला. तरी एकंदर गुण नगण्यच, असे संशोधकांनी लिहिले.

मार्करचा आकडा उतरला म्हणजे रोग हटला असे नव्हे, हे इथे फार नीट दिसते. गाठ घेऊन येणाऱ्या बायकांच्या पिशवीत हल्ली ‘सीए 15-3’ या रक्ततपासणीचा कागद असतो आणि आकडा नॉर्मल म्हणून घरचे निश्चिंत झालेले असतात. ही तपासणी कर्करोग ओळखण्यासाठी नाहीच. सुरुवातीच्या गाठीत ती बऱ्याचदा नॉर्मल येते. तिचा उपयोग पसरलेल्या आजारावर उपचार चालू असताना, तोही इतर तपासण्यांच्या जोडीने.

उपचार ज्यांवर ठरतात ते मार्कर गाठीच्या तुकड्यात शोधावे लागतात. ते तीन आहेत: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिले दोन हार्मोनशी संबंधित. ते पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे घ्यायची असते. ती साधी दिसते, रोज एक, आणि बरे वाटत असताना घ्यायची. म्हणूनच सहा महिन्यांत सुटते. कुणी काढा सुचवतो, कुणी चूर्ण, आणि गोळीची पट्टी फडताळात राहते. आजार परत येण्याचा धोका मात्र गोळी सोडल्यानंतर वाढतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबचा विचार होतो. तिन्ही निगेटिव्ह आले तर या गोळ्यांचा उपयोग नाही, तिथे मुख्य भिस्त केमोथेरपीवर.

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘कार्सिनोमा’ एवढाच शब्द असेल तर या तीन तपासण्या झाल्या का, हे डॉक्टरांना विचारावे. राहिल्या असतील तर बहुधा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो. दुसऱ्या रुग्णालयात जायचे असेल तर तो ‘ब्लॉक’ आणि काचपट्ट्या मागून सोबत न्याव्यात.