अणुगर्भातील विहीर

शिशाच्या नेहमी आढळणाऱ्या अणूच्या गर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून 208 कण दाटीने राहतात. प्रत्येकाला इतर सारे ओढतात. मग एकाच्या गतीचा हिशेब मांडायचा कसा? शास्त्रज्ञांनी सोपी वाट काढली: शेजारी विसरा, त्यांच्या ओढीची सरासरी घ्या. ही सरासरी म्हणजे जणू एक विहीर; खोली सुमारे 50 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रोटॉन परस्परांना लोटतात, म्हणून त्यांच्या विहिरीला काठावर बांधही असतो.

पण एवढ्या गर्दीत कण एकमेकांवर आदळत कसे नाहीत? पाउलीच्या नियमाने एका पायरीवरची एक जागा एकाच कणाची. खालच्या जागा भरलेल्या. धक्का खाऊन जाणार कोठे?

तरी हिशेब अडला. 2, 8, 20 कणांचे गर्भ विशेष स्थिर, हे विहिरीतून निघे. 28, 50, 82, 126 मात्र निघेनात. मारिया गोपर्ट-मायर या कोड्यात गुंतल्या असता फर्मींनी सहज विचारले, कणाची फिरकी आणि त्याची प्रदक्षिणा यांची काही सांगड दिसते का? तेथेच कुलूप उघडले! दोन्हींची दिशा एक असेल तर पायरी खाली सरकते, उलट असेल तर वर. आकडे बिनचूक जुळले. जर्मनीत येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनाही 1949 साली हेच सुचले. 1963 च्या नोबेल पारितोषिकात गोपर्ट-मायर व येन्सेन दोघेही वाटेकरी झाले.

पुढे 1954 मध्ये वुड्स व सॅक्सन यांनी विहिरीचा आकार सुधारला: आडासारखा उभा काठ नव्हे, तर तळ सपाट आणि काठ घाटासारखा उतरता. त्या शिशात 82 प्रोटॉन, 126 न्यूट्रॉन. दोन्ही विहिरी पायरीपर्यंत नेमक्या भरलेल्या.