घरचा खेळाडू परघरी जातो तेव्हा

लिव्हरपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील जुने बंदर. या एका शहरात फुटबॉलचे दोन मोठे संघ नांदतात, आणि त्यांपैकी वयाने वडील तो एव्हर्टन. १८७८ मध्ये एका चर्चच्या आश्रयाने हा संघ उभा राहिला. १८९२ पासून २०२५ पर्यंत, म्हणजे तब्बल १३३ वर्षे, गुडिसन पार्क हे त्याच्या पुरुष संघाचे मैदान होते. निळा हा त्याचा रंग. आपल्याकडे कुलदैवत जसे कोणी निवडीत नाही, ते वडिलांकडून आपसूक चालत येते, तसेच या शहरात मूल निळे होणार की तांबडे हे बहुधा त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेले असते.

१९ ऑक्टोबर २००२ रोजी या मैदानावर आर्सेनल या लंडनच्या बलाढ्य संघाशी एव्हर्टनचा सामना होता. त्यापूर्वीच्या ३० साखळी सामन्यांत आर्सेनलला कोणी हरवू शकले नव्हते. दोन्ही बाजूंचा एकेक गोल झालेला, आणि खेळ संपायला थोडाच अवकाश. अशा वेळी बदली म्हणून मैदानात उतरलेल्या एका मुलाने गोलापासून दूर असतानाच चेंडू पायाखाली घेतला, तो वळला, आणि एकच जबरदस्त फटका लगावला. चेंडू आडव्या खांबाला आतल्या बाजूने लागून जाळ्यात गेला. त्या मुलाचे नाव वेन रूनी. सतरा वर्षे पुरी व्हायला त्याला अजून पाच दिवस अवकाश होता.

गुडिसन पार्कवर त्या दिवशी जो जल्लोष झाला, तो केवळ एका गोलाचा नव्हता. हा मुलगा त्याच शहरातील क्रॉक्सटेथ या कष्टकरी वस्तीतला होता. त्याचे सारे घर एव्हर्टनचे भक्त होते. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून तो याच संघाच्या तालमीत वाढला होता. त्याच वर्षी युवकांच्या चषकाच्या अंतिम फेरीत गोल केल्यावर त्याने अंगातला सदरा वर करून आतील बनियनवरची अक्षरे प्रेक्षकांना दाखविली होती. एकदा जो निळा झाला तो कायमचा निळा, असा त्यांचा अर्थ होता. प्रेक्षकांना त्याच्यात एक गुणी खेळाडू तर दिसलाच. पण त्याहून अधिक, आपल्यापैकीच एकजण कठड्यावरून उडी टाकून मैदानात उतरला आहे असे त्यांना वाटले.

पुढे दोन वर्षे गेली. २००४ च्या उन्हाळ्यात पोर्तुगालमध्ये युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा झाली. तीत रूनीने इंग्लंडसाठी चार गोल केले आणि तो जगाच्या नजरेत भरला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपण्याच्या दिवशी, तो मँचेस्टर युनायटेडकडे गेला. एव्हर्टनला अडीच कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. वीस वर्षांखालील खेळाडूसाठी एवढी किंमत तोवर कोणी मोजली नव्हती.

अशा प्रसंगी त्या संघाच्या चाहत्याच्या मनात नेमके काय चालते? वरवर पाहणाऱ्याला राग तेवढा दिसतो. परंतु रागाच्या पोटात चार-पाच निरनिराळ्या भावना असतात आणि त्या एकमेकींशी भांडत असतात. त्या वेगवेगळ्या करून पाहिल्या म्हणजेच या गोष्टीचा उलगडा होतो.

पहिली भावना विरहाची. तरुण खेळाडूकडे प्रेक्षक पाहतो तेव्हा तो आजचा खेळ तर पाहतोच, पण पुढील दहा वर्षांचा खेळही मनाशी रंगवीत असतो. पंचविशीतला हा मुलगा आपला कर्णधार होईल, आपल्याला चषक मिळवून देईल, अशी चित्रे तो उभी करतो. वयस्क खेळाडू गेला तर स्मृती तरी मागे उरतात. तरुण खेळाडू जातो तेव्हा जे घडलेच नाही ते हिरावले जाते, आणि न घडलेल्या गोष्टीचे दुःख विसरणे फार कठीण.

दुसरी भावना मानभंगाची. कोवळा खेळाडू मोठ्या संघाकडे जातो, तेव्हा त्याच्या जाण्यातून एक न बोललेले वाक्य ऐकू येते: ‘तुमचे घर मला पुरे पडत नाही.’ त्यात तो मँचेस्टरला गेला, हे आणखीनच झोंबणारे. ही दोन शहरे एकमेकांपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहेत आणि त्यांचे वैर फुटबॉलपुरते नाही. लिव्हरपूलच्या बंदराला फाटा देऊन आगबोटी थेट आपल्या दारी आणण्यासाठी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी कालवा खोदविला, तो १८९४ मध्ये खुला झाला. ज्या शहराने एकेकाळी आपले जहाज वळविले, त्यानेच आता आपला मुलगाही न्यावा, हे शल्य साधे नव्हे. आपल्याकडे कोलकात्यात मोहन बागानचा खेळाडू ईस्ट बंगालला जाऊन मिळाला किंवा तिकडचा इकडे आला, तर गल्लोगल्ली काय चर्चा चालते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना याची कल्पना सहज येईल.

तिसरी भावना मात्र अगदी उलट्या दिशेची, आणि ती अभिमानाची. जगातील श्रीमंत संघाने थैली मोकळी करून जो खेळाडू नेला, तो आपल्या अंगणात घडला. २८ सप्टेंबर २००४ रोजी मँचेस्टरच्या वतीने पहिलाच सामना खेळताना रूनीने तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघावर तीन गोल चढविले. त्या रात्री एव्हर्टनच्या किती घरांत आधी मान वर झाली आणि मग लाजेने खाली गेली, हे सांगणे अवघड. पण त्या दोन्ही हालचाली एकाच मानेच्या होत्या.

चौथी भावना सुटकेची, आणि तिचा उच्चार करण्यास चाहता सर्वांत अधिक कचरतो. एव्हर्टनवर कर्जाचा बोजा होता. २००३-०४ च्या हंगामात तो संघ वीस संघांत सतराव्या क्रमांकावर राहिला होता, म्हणजे खालच्या वर्गात ढकलला जाण्यापासून एकच पायरी वर. अशा घराला अडीच कोटी पौंड म्हणजे सावकाराच्या दारातून सुटका. हिशेबाच्या वहीत ही रक्कम जमेस लिहिली गेली. मनाच्या वहीत मात्र ती खर्ची पडली. आणि आपण पैशाचा विचार केला, ही टोचणी वर राहिलीच.

हा सारा गोंधळ एका प्रश्नाभोवती फिरतो: खेळाडू कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत पुष्कळ बदलले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशी पद्धत रूढ झाली की, करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हाती राहावयाची. क्लबची संमती असल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. १९०५ मध्ये आल्फ कॉमन या खेळाडूसाठी मिडल्सब्रोने संडरलँडला १,००० पौंड दिले, तेव्हा माणसाची अशी किंमत करावी काय, याविषयी मोठा गहजब उडाला होता. खेळाडूच्या वेतनालाही कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठली तेव्हा आठवड्याला २० पौंड हाच तिचा आकडा होता. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात न्यायालयाने निर्णय दिला की, करार संपल्यावरही खेळाडूला अडवून ठेवणे हा त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध होय. पुढे १९९५ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने त्याही पलीकडचे पाऊल टाकले. करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशात जायचे असेल, तर जुन्या क्लबला पैसे मागण्याचा अधिकार उरला नाही.

न्यायाच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. गिरणीतला कामगार किंवा कचेरीतला कारकून अधिक पगाराच्या जागी गेला तर त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही. मग फुटबॉल खेळणाऱ्यालाच वेठीला का धरावे? त्याचा धंदा पंधरा-सोळा वर्षांचा, आणि एखादा घोटा मोडला तर तोही अर्ध्यावर संपणारा. पण न्यायालाही त्याची किंमत मोजावी लागते आणि ती कोणीतरी दुसराच मोजतो. नेदरलँड्समधील आयाक्स या संघाने १९९५ मध्ये युरोपचे अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यातील एकमेव गोल पॅट्रिक क्लुइव्हर्ट या अठरा वर्षांच्या, त्याच संघाच्या तालमीत वाढलेल्या मुलाने केला. दोन वर्षांत तो, आणि त्याच्याआधी एडगर डेव्हिड्स व मिखाएल रायझिगर हे सोबती, करार संपताच इटलीतील मिलान संघाकडे गेले. आयाक्सच्या पदरी मोबदला म्हणून काहीच पडले नाही.

ज्या संघाने मूल वाढविले त्याच्या कष्टांची काही दखल असावी, म्हणून आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २००१ मध्ये एक तरतूद केली. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की त्या रकमेतील पाच टक्क्यांपर्यंतचा भाग, बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडविणाऱ्या क्लबांना वाटून मिळावा, असा हा नियम आहे. लहानशा क्लबाला या पैशातून मैदान नीट करता येते, पोरांना बूट घेता येतात. मात्र हा वाटा क्लबाला मिळतो. पावसात भिजत, तिकिटाचे पैसे साठवीत ज्यांनी त्या मुलाला टाळ्या दिल्या त्यांना कोणताही नियम काही देऊ शकत नाही. त्यांचे लेणे कोणत्याच खतावणीत नोंदलेले नसते. म्हणूनच ते वसूल करण्याची त्यांची रीतही निराळी असते.

ती रीत १९ फेब्रुवारी २००५ रोजी दिसली. त्या दिवशी रूनी प्रथमच पाहुणा म्हणून गुडिसन पार्कवर आला. चेंडू त्याच्या पायाशी आला की सारे मैदान हुर्यो करी. पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच मैदानावर त्याने छातीवरील मँचेस्टरच्या बिल्ल्याचे चुंबन घेऊन प्रेक्षकांना डिवचले. परक्या खेळाडूवर एवढा राग कोणी काढीत नाही. ज्याच्याशी सोयरसुतक नाही त्याच्या वाट्याला उपेक्षा येते; हुर्यो ही आपल्यांसाठी राखून ठेवलेली असते.

दैवाची मौज अशी की, रूनी गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात एव्हर्टन सतराव्या क्रमांकावरून थेट चौथ्या क्रमांकावर आला, आणि तोही शेजारच्या लिव्हरपूल संघाच्या वर. एका असामान्य मुलावर भिस्त ठेवण्याची सोय संपली, तेव्हा उरलेले अकरा जण एकदिलाने खेळले. म्हणून तो गेला हे बरे झाले, असे मात्र चाहते म्हणाले नाहीत. घर सावरले म्हणून रिकामी जागा दिसेनाशी होत नाही.

इकडे तो राहिला असता तर काय झाले असते? रोमचा फ्रान्चेस्को टोटी १९९३ पासून २०१७ पर्यंत आपल्या जन्मगावच्या संघातच खेळला. शहराने त्याला डोक्यावर घेतले, पण इटलीचे साखळी अजिंक्यपद त्याला एकदाच, २००१ मध्ये, लाभले. रूनीला मँचेस्टरमध्ये अशी पाच अजिंक्यपदे आणि युरोपचा चषक मिळाला. २५३ गोल करून तो त्या संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. दोघांनीही काही मिळविले, काही सोडले. यांतील कोणता सौदा शहाणपणाचा, हे बाहेरच्याने ठरवू नये.

जुलै २०१७ मध्ये, तेरा वर्षांनी, रूनी एव्हर्टनकडे परत आला. आता तो एकतीस वर्षांचा होता, पायांत पूर्वीची चपळाई नव्हती. १२ ऑगस्टला गुडिसन पार्कवर हंगामातील पहिल्या साखळी सामन्यात स्टोक संघाविरुद्ध त्याने एकमेव गोल केला आणि ज्या मैदानाने त्याची हुर्यो केली होती, ते त्याच्यासाठी उभे राहिले. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेस गेला. त्या वेळी मात्र कोणी रागावले नाही. चाहत्यांनी त्याला क्षमा केली असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण कायद्याने वा नीतीने त्याचा अपराधच नव्हता. त्यांनी इतकेच मान्य केले की, मुलाला त्याचे आयुष्य जगण्याचा हक्क आहे आणि आपल्याला वाईट वाटण्याचा.

लेकीची पाठवणी करताना घरची माणसे रडतात. म्हणून कोणी लग्न मोडत नाही आणि लग्न शुभ आहे म्हणून कोणी रडायचेही थांबत नाही. तरुण खेळाडू निघतो तेव्हा चाहत्याचे मन याच अवस्थेत असते. त्याच्या डोळ्यांतील पाणी आणि ओठांवरील शिवी, दोन्ही एकाच मायेची रूपे आहेत, एवढे ओळखले म्हणजे पुरे.