सुट्टीत महालक्ष्मी रेसकोर्स: बघायचं काय, आणि खिसा सांभाळायचा कसा?

हा आपल्या आजच्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये, शेतावर, जिथे वेळ मिळेल तिथे वाचा.

आजचा प्रश्न धनजहून आलाय. वाशिम जिल्ह्यातलं, कारंजा तालुक्यातलं धनज. आपला एक श्रोता विचारतो, "सुट्टीत मुंबईला जातोय. रेसकोर्स बघायचंय. आमच्यासारख्याने तिथे जावं का?"

जावं की! शंकरपट बघितलेल्या माणसाला घोड्यांची शर्यत परकी वाटायचं कारण नाही. फरक एवढाच, की पटात जोडीची वेळ सेकंदात मोजतात, आणि इथे सगळे घोडे एकदम सुटतात. जो आधी पोचला तो जिंकला.

आधी तारीख बघा

मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडा, दादरला उतरा आणि पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घ्या. तिसरं स्टेशन महालक्ष्मी. जवळच्या चौकाला नाव आहे संत गाडगे महाराजांचं, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्याच माणसाचं!

पण मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर शर्यत दिसणार नाही. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात. सगळ्यात मोठी शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते. 1943 पासून चालत आलेली ही शर्यत चार वर्षांच्या घोड्यांची. अंतर 2400 मीटर, आणि खेळ साधारण अडीच मिनिटांत खल्लास.

तिथे बघायचं काय?

हे मैदान 1883 चं. मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर बांधलेलं. जुने स्टँड आजही उभे आहेत. शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात, तिथे नक्की थांबा. बैल पारखणारा माणूस जे बघतो तेच इथे बघायचं: चाल, अंगावरची चमक, घोडा शांत आहे की बिथरलाय.

आणखी एक गंमत. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर मुद्दाम जास्त वजन देतात, म्हणजे चुरस राहते. म्हणून जॉकीचं खोगीरासकट वजन शर्यतीआधीही होतं आणि नंतरही.

आता पैशाचं बोलू

खरा प्रश्न इथेच आहे, कारण सुट्टीचे पैसे इथेच उडतात. टोट म्हणजे काय? सगळ्यांच्या पैजा एका गल्ल्यात जमा होतात. त्यातून क्लबचा आणि सरकारचा हिस्सा आधी कापला जातो. उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात.

समजा, दहा जणांनी शंभर-शंभर लावले. झाले 1000. हिशेबासाठी 250 कापले असं धरू. उरले 750. सात जणांनी एकाच आवडत्या घोड्यावर लावले आणि तोच जिंकला, तर प्रत्येकाला मिळाले 107. म्हणजे अंदाज बरोबर येऊनही कमाई सात रुपये, आणि चुकला तर शंभर गेले! त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून या पैजांवर 40 टक्के जीएसटी.

कोणी म्हणेल, "सर्वोच्च न्यायालयानेच हा कौशल्याचा खेळ म्हटलंय ना?" हो, 1996 च्या निकालात. पण कौशल्य लागतं म्हणजे तुम्ही जिंकालच, असं नाही. घोड्यांचा अभ्यास करणाऱ्यांचाही हिस्सा त्याच गल्ल्यातून आधी कापला जातो.

आणि टेलिग्रामवर "पक्की टिप" विकणाऱ्यांचं काय? टिप पक्की असती तर त्याने स्वतःच लावली असती, तुम्हाला विकली नसती. असल्या नंबरला सरळ ब्लॉक करा.

हे लवकर का बघावं?

या मैदानाचं रूप बदलतंय. 99 वर्षांचा भाडेकरार 2013 ला संपला होता. 2024 मध्ये ठरलं, की 120 एकर जागा महापालिकेच्या उद्यानासाठी जाणार आणि सुमारे 91 एकर क्लबकडे राहणार.

तर श्रोतेहो, जा, घोडे डोळे भरून बघा. पैज लावायचीच असेल तर गेले तरी चालतील एवढेच पैसे खिशात ठेवा, आणि परतीचं तिकीट आधीच काढा.

तुमच्या भागात पट भरतो का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!