आजारी पडलात तर पगाराचं काय? ईएसआय कार्डातला विसरलेला हक्क

कर्वेनगर, पुणे : गेल्या जुलैमध्ये आमच्या धाकट्या भावाला कावीळ झाली. तो शिवणे भागातल्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगचं काम करतो. पगार महिना १६,००० रुपये. घरात अम्मी, त्याची बायको, दोन मुलं आणि भाड्याच्या दोन खोल्या. डॉक्टरांनी महिनाभर पूर्ण विश्रांती सांगितली, तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "औषधाचं होईल रे, पण पुढच्या महिन्याचं भाडं?"

भावाच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे १२० रुपये कापले जात होते. त्याचं कार्ड कपाटात पडून होतं. त्यावर दवाखाना मिळतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. आजारपणात पगाराचा मोठा हिस्साही मिळतो, हे आम्हाला नवव्या दिवशी एका शेजाऱ्याकडून कळलं. त्या नऊ दिवसांचं आमचं जे नुकसान झालं, ते तुमचं होऊ नये म्हणून हा लेख.

हा पैसा कोण देतो?

ब्रिटनसारख्या देशात आजारपणाचा ठरावीक पगार मालकाने द्यायचा असतो. आपल्याकडे कमी पगाराच्या नोकरदारांसाठी ही जबाबदारी कर्मचारी राज्य विमा महामंडळावर, म्हणजे ईएसआयसीवर आहे. १९४८ च्या कायद्याने ही योजना आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली.

साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी ती लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. म्हणजे १६,००० पगारावर कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२० रुपये दर महिन्याला जमा होतात. म्हणून आजारपणात मिळणारी रक्कम ही कोणाची मेहरबानी नाही. तो हक्क आहे.

किती मिळतं?

साध्या आजारात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षभरात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर हे दोन दिवस कापत नाहीत.

भावाचा हिशोब असा. रोजचा सरासरी पगार साधारण ५२७ रुपये, त्याचे ७० टक्के म्हणजे ३६९ रुपये. तो एकूण ४० दिवस घरी होता. पहिल्याच दिवशी ईएसआयच्या डॉक्टरकडे गेला असता, तर ३८ दिवसांचे सुमारे १४,००० रुपये मिळाले असते. आम्ही दहाव्या दिवशी गेलो. हातात आले सुमारे १०,७००. तीन हजार तीनशे रुपये फक्त माहिती नव्हती म्हणून गेले.

आजार मोठा असेल तर नियम वेगळा आहे. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांच्या यादीतला आजार असेल तर ८० टक्के दराने मदत मिळते आणि ती दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्यासाठी आधी दोन वर्षं सलग विमा असलेली नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी लागते. कामावर अपघात झाला तर ९० टक्के मिळतात आणि हा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतो. बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण पगाराएवढी रक्कम आहे. आपल्या ज्या मुली आणि सुना नोकरी करतात, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

७८ दिवसांची अट

बहुतेक लोक इथेच अडकतात. आजारपणाची रक्कम मिळायला सहा महिन्यांच्या ठरलेल्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हे सहा महिने आजाराच्या लगेच आधीचे नसतात.

एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. भाऊ जुलैमध्ये आजारी पडला, म्हणून त्याचे ऑक्टोबर ते मार्चचे दिवस मोजले गेले. नोकरी अगदी नवीन असेल, तर पहिले सुमारे नऊ महिने रोख रक्कम मिळत नाही. उपचार मात्र स्वतःला आणि कुटुंबाला सुरुवातीपासून मिळतात.

काही ठेकेदार महिनाभर काम करून घेतात आणि कागदावर दहा-बाराच दिवस दाखवतात. त्याचा फटका आजारपणात बसतो. आपला दहा अंकी विमा क्रमांक टाकून ईएसआयसीच्या पोर्टलवर किती दिवस भरलेत ते दिसतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगा, मोबाईलवर पाच मिनिटांत पाहून देईल. पगारातून पैसे कापलेत पण भरलेले दिसत नसतील, तर पगाराची स्लिप जपून ठेवा आणि बिबवेवाडीतल्या पंचदीप भवनात लेखी तक्रार द्या. ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे.

पहिल्या दिवशी काय करायचं?

ई-पहचान कार्डावर तुमच्या दवाखान्याचं किंवा पॅनेल डॉक्टरचं नाव असतं. ताप आला, काविळीची शंका आली, पाय मोडला, की आधी तिथे जा आणि आजारपणाचं सर्टिफिकेट घ्या. आम्ही गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो होतो. उपचार चांगले झाले, पण त्यांच्या चिठ्ठीवर पगार मिळाला नाही. खासगी डॉक्टरचे कागद पर्यायी पुरावा म्हणून जोडता येतात, पण ते मान्य करायचे की नाही हे महामंडळाच्या हातात असतं. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट ईएसआयचा डॉक्टर सहसा देत नाही. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर आपल्या बाजूला बिबवेवाडीचं ईएसआय हॉस्पिटल आहे, पिंपरी-चिंचवडकडे राहणाऱ्यांसाठी चिंचवडचं.

सर्टिफिकेट ठरावीक दिवसांचं असतं. ते संपायच्या आधी पुढचं घ्यायचं आणि कामावर जाताना शेवटचं, फिट असल्याचं घ्यायचं. मध्ये खंड पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे जातात. दावा पोर्टलवरून किंवा शाखा कार्यालयात करता येतो. रक्कम थेट बँकेत येते.

आपल्या घरांमध्ये एक अडचण हमखास येते, ती नावाची. आधारवर 'मोहम्मद', बँकेत 'मोहद', कारखान्याच्या रजिस्टरमध्ये नुसतं 'शेख'. तब्येत चांगली असतानाच ही तिन्ही नावं एकसारखी करून घ्या. आजारी माणसाला घेऊन रांगेत उभं राहण्याची वेळ येऊ देऊ नका.

तीन चुका टाळा

पहिली, न सांगता गावी जाणं. आजारी पडलं की सोलापूर, लातूर, बीडला आईकडे जायचं, ही आपली रीतच आहे. पण या काळात उपचाराचं ठिकाण सोडण्याआधी ईएसआयच्या डॉक्टरची परवानगी लागते. तिथून चिठ्ठी घेऊनच निघा.

दुसरी, सर्टिफिकेट चालू असताना दुसरीकडे काम करणं. ज्या दिवशी काम केलं किंवा मालकाकडून पगारी रजा घेतली, त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. शिल्लक पगारी रजा असेल तर ती पहिल्या दोन बिनपैशाच्या दिवसांसाठी मागा.

तिसरी, घाबरून राजीनामा देणं. "येत नसशील तर लिहून दे" असं भावालाही फोनवर सांगितलं गेलं होतं. आजारपणाचा लाभ किंवा उपचार चालू असताना कामगाराला काढून टाकता येत नाही, असं कायदा सांगतो. कोऱ्या कागदावर किंवा घाईत सही करू नका. सर्टिफिकेटचा फोटो मालकाला रोजच्या रोज व्हॉट्सअॅपवर पाठवत जा, पुरावा राहतो.

पैसे येईपर्यंत घर कसं चालवायचं?

भावाच्या खात्यात पहिली रक्कम यायला दुसरा महिना उजाडला. म्हणून ७० टक्के मिळणार असले, तरी पहिला महिना हातात काहीच नाही असं धरूनच हिशोब करावा. आम्ही एका वहीत खर्च तीन रांगांत लिहिले. थांबवता न येणारे : भाडं, किराणा, औषध, वीज. बोलून पुढे ढकलता येणारे : शाळेची फी, मोबाईलचा हप्ता. बंद करता येणारे : बाकी सगळं.

घरमालकाशी तारीख उलटायच्या आधी बोललो, म्हणून त्यांनी अर्धं भाडं आत्ता, अर्धं नंतर असं मान्य केलं. हप्त्याचंही तसंच. चेक परत गेला की दंड लागतो, आधी सांगितलं तर कधी कधी मार्ग निघतो. प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, ते आणायला लाजू नका. सावकाराचं व्याज मात्र आजार बरा झाल्यावरही घर सोडत नाही. त्याआधी नातेवाईक, भिशी, जमातचा कर्ज-ए-हसना यांच्याकडे जा. जकात घ्यावी की नाही, हा प्रश्न असेल तर आपल्या इमामसाहेबांना मोकळेपणाने विचारा.

ज्यांना ईएसआय नाही त्यांचं काय?

रिक्षा चालवणारे, घरी शिलाई करणाऱ्या बहिणी, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, हातगाडीवाले यांना आजारपणाचा पगार देणारं कोणी नाही. ही आपल्या वस्तीतली मोठी संख्या आहे. त्यांच्यासाठी दवाखान्याच्या खर्चापुरता आधार आहे : महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे हॉस्पिटलचे उपचार. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये मिळतात. पण बुडालेली रोजी यातलं काहीच भरून देत नाही. म्हणून अशा घरांनी रोज वीस-तीस रुपये का होईना, आजारपणाच्या नावाने वेगळे टाकावेत आणि मोहल्ल्यातल्या कमिट्यांनीही आजारी कमावत्या माणसासाठी वेगळा फंड ठेवावा.

भाऊ आता कामावर आहे, अल्हम्दुलिल्लाह. त्याचं कार्ड कपाटातून निघून पाकिटात आलं आहे. तुमच्या घरात कोणाच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना तीनच गोष्टी विचारा : विमा क्रमांक कुठे आहे, दवाखाना कोणता आहे आणि ७८ दिवस भरले आहेत का?