वेगवान विभेदी संकेतांच्या ग्राहीसाठी टर्मिनेशन रोधाची निवड

प्रास्ताविक : विभेदी पद्धतीत एकच संकेत दोन तारांवरून परस्परविरुद्ध रूपात पाठविला जातो आणि ग्राही त्यांतील विभवांतर तेवढे वाचतो. दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट त्यामुळे वजा होतो. या पद्धतीतील सुपरिचित प्रणाली म्हणजे एलव्हीडीएस. तिचे टीआयए/ईआयए-६४४ हे मानक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्राहीच्या टोकाशी जोडावयाच्या रोधाच्या निवडीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोधाचे कार्य : एलव्हीडीएस प्रेषक सुमारे ३.५ मिलिअँपिअर धारा पुरवितो. ग्राहीचा स्वतःचा रोध फार मोठा असल्याने ही धारा बाह्य रोधातूनच वाहते व १०० ओहमवर ३५० मिलिव्होल्ट विभवांतर निर्माण होते. ग्राहीला १०० मिलिव्होल्ट पुरेसे असतात. रोधाचे दुसरे कार्य म्हणजे तारेच्या टोकाशी होणारे परावर्तन थोपविणे.

मूल्याची निवड : रोध व तारजोडीचा विभेदी संरोध यांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले असता परावर्तनाचे प्रमाण मिळते. संरोध १०० ओहम असताना १२० ओहमचा रोध लावल्यास विभवांतर ४२० मिलिव्होल्टपर्यंत वाढते; परंतु सुमारे ९ टक्के तरंग परत फिरतो. म्हणून रोधाचे मूल्य हव्या असलेल्या विभवांतरावरून नव्हे, तर तारजोडीच्या संरोधावरून ठरवावे. ५० ओहमचे दोन मार्ग सर्किट बोर्डवर जवळ आणल्यास जोडीचा संरोध १०० ओहमपेक्षा कमी होतो, हेही ध्यानात घ्यावे.

दक्षता : अनेक ग्राहींमध्ये १०० ओहमचा रोध अंतर्भूत असतो. त्यावर बाहेरून दुसरा लावल्यास समांतर जोडणीमुळे ५० ओहमच उरतात. विभवांतर १७५ मिलिव्होल्टवर येते आणि एक तृतीयांश तरंग उलट्या चिन्हाने परततो. १७५ मिलिव्होल्ट मर्यादेहून अधिक असल्याने प्रयोगशाळेत आखूड तारेवर, कमी वेगात मंडल चालते; दोष उघड होतो तो वेग व लांबी वाढल्यावर. म्हणून जोडणीपूर्वी ग्राहीचे माहितीपत्रक पाहणे अगत्याचे ठरते. बाह्य रोध लावावयाचा झाल्यास तो १ टक्का अचूकतेचा व ग्राहीच्या अगदी निकट असावा.

निष्कर्ष : संरोधाशी जुळणारा, योग्य जागी बसविलेला एकच रोध, हे एक प्रेषक व एक ग्राही असलेल्या जोडणीचे सूत्र होय. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना ‘मंडल चालते’ एवढ्यावर समाधान न मानता ग्राहीच्या टोकाशी संकेताचा आकारही तपासणे इष्ट ठरेल.