‘थ्री इडियट्स’ची पैज अखेर जिंकले कोण?

नाशिक : पाच सप्टेंबर म्हणजे शिक्षक दिन. ‘थ्री इडियट्स’च्या चाहत्यांसाठी मात्र ही पैजेचीही तारीख. मूळचे नागपूरचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी यांचा हा चित्रपट २५ डिसेंबर २००९ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या शेवटाबद्दलची चर्चा अजून थांबलेली नाही.

पैज काय होती?

शिक्षक दिनाच्या भाषणात फजिती झालेला चतुर रँचोला आव्हान देतो. दहा वर्षांनी याच दिवशी भेटायचे आणि कोण जास्त यशस्वी झाले ते पाहायचे. ही तारीख तो कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर कोरून ठेवतो.

शेवटी काय घडते?

फरहान, राजू, पिया आणि चतुर लडाखला पोहोचतात. रँचो तिथे शाळा चालवत असतो. ‘शेवटी मास्तरच झालास!’ म्हणून चतुर त्याची टर उडवतो, हार लेखी कबूल करायला लावतो आणि त्याचे पेनही काढून घेतो. मग उलगडा होतो. ज्याच्या सहीसाठी चतुर अमेरिकेहून आला आहे, तो चारशे पेटंटवाला फुनसुख वांगडू म्हणजे रँचोच. सही कशी करणार? पेन तर चतुरने नेले! थिएटरमध्ये हशा पिकतो आणि चतुर शरण येतो.

मग अडचण कुठे आहे?

यशामागे धावू नका, लायक व्हा, असे चित्रपट तीन तास सांगतो. पण चतुरला हरवायची वेळ आली की रँचोला चतुरच्याच मापात मोठे करावे लागते. वांगडू खरोखर नुसता शिक्षक असता तर? चतुर हसत निघून गेला असता आणि आपणही हळहळलो असतो.

याचे उत्तरही चित्रपटातच आहे. उलगडा होण्याआधीच फरहान आणि राजूने मित्राला मिठी मारलेली असते आणि पियाला तो परत मिळालेला असतो. पेटंटचा आकडा त्यांच्यापैकी कुणीच विचारलेला नसतो. तो हवा असतो चतुरला, आणि खरे तर आपल्यालाही.

निकाल लागला की आपल्या शहरात क्लासच्या फलकांवर टक्क्यांसह फोटो झळकतात. त्या फलकांसमोर उभे राहिले की कळते, टाकीवरची ती पैज आपण अजून सोडलेली नाही. यंदा पाच सप्टेंबरला सरांना शुभेच्छा देताना एवढे जरूर आठवा : रँचो शाळेत शिकवत होता, तेव्हाच तो जिंकलेला होता.