हिमातील ताखी: रानघोड्यांच्या हिवाळ्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंगोलियाच्या गवताळ पठारावर हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो, महिनोन्‌महिने जमीन गोठलेली राहते आणि तरीही तेथील रानघोडे गोठा, गंजी वा धनी यांपैकी कशाचाही आधार न घेता वसंतापर्यंत तग धरतात. या तग धरण्यामागे अफाट ताकद किंवा गूढ सहनशक्ती असावी असे मानले जाते; परंतु प्राणिशास्त्राच्या नजरेने पाहिल्यास ती प्रामुख्याने काटकसरीची, म्हणजे शरद ऋतूत जमवलेली चरबी वसंतापर्यंत पुरवून वापरण्याची किमया आहे, हे ध्यानात येते.

गैरसमज १: मोकळा फिरणारा प्रत्येक घोडा 'जंगली' असतो.

वस्तुस्थिती: अमेरिकेतील प्रसिद्ध मस्टँग घोडे हे सोळाव्या शतकापासून स्पॅनिश लोकांनी तेथे नेलेल्या पाळीव घोड्यांचे, आणि पुढे त्यांत मिसळलेल्या इतर पाळीव घोड्यांचे वंशज आहेत; पाळीव प्राणी मोकाट सुटून पिढ्यान्‌पिढ्या रानात वाढला की तो रानवट होतो, पण मूळचा वन्य ठरत नाही. वन्य घोडा म्हणून आज ज्याची गणना होते तो मध्य आशियातील प्रझेवाल्स्कीचा घोडा होय. रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की यांच्यावरून त्याला हे नाव पडले असले, तरी मंगोल लोक त्याला 'ताखी' म्हणतात. त्याच्या पेशींत ६६ गुणसूत्रे असतात, तर पाळीव घोड्याच्या पेशींत ६४. कझाकस्तानातील बोताई येथे सुमारे ५,५०० वर्षांपूर्वी माणसाजवळ असलेल्या घोड्यांशी ताखीचे जवळचे नाते असल्याचे २०१८ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आले; मात्र ते घोडे खरोखर पाळीव होते की शिकारीचे, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. लडाखला जाणारे पर्यटक त्सो कार किंवा हानले परिसरात ज्याला हौसेने 'जंगली घोडा' म्हणतात, तो क्यांग तर घोडा नसून रानगाढव आहे. कच्छच्या छोट्या रणातील घुडखराच्या नावातला 'खर' हा शब्दही गाढवाशी असलेले त्याचे नाते उघड करतो.

गैरसमज २: थंडी पडू लागली की अंगावर दाट केस येतात.

वस्तुस्थिती: घोड्याच्या अंगावरील हिवाळी केसांची वाढ मुख्यतः थंडीच्या नव्हे, तर दिवसाच्या लांबीच्या इशाऱ्यावर सुरू होते. जूनमधील सर्वांत मोठ्या दिवसानंतर प्रकाशाचा काळ घटू लागतो, रात्री स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा कालावधी वाढतो आणि हवा अजून उबदार असतानाच शरीर पुढच्या ऋतूच्या तयारीला लागते. गारठ्यात प्रत्येक केस मुळाशी उभा राहतो, केसांच्या दाटीत हवेचा थर अडकतो आणि तोच थर दुलईचे काम करतो. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट द्रवामुळे वितळलेल्या बर्फाचे पाणीही बरेचसे वरच्यावर ओघळून जाते. हिमवर्षावानंतर घोड्याच्या पाठीवर भुरभुरीत बर्फ न वितळता तसाच साचून राहिलेला दिसला, तर पाहणाऱ्याला त्याची कीव येते. वास्तविक आतली ऊब बाहेर निसटत नसल्याचाच तो पुरावा असतो. थंडीला सरावलेल्या, दाट केसांच्या आणि कोरड्या अंगाच्या प्रौढ पाळीव घोड्याला साधारण उणे १५ अंशांपर्यंत केवळ ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा खर्चावी लागत नाही.

गैरसमज ३: रानघोडे सतत दौडत राहून अंग गरम ठेवतात.

वस्तुस्थिती: दौडीने ऊब मिळते, पण तिची किंमत चरबीत मोजावी लागते, म्हणून हिवाळ्यात ताखींचे कळप हालचाल कमी करतात. राखीव क्षेत्रात मोकळ्या राहणाऱ्या ताखींच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेखालील तापमान वर्षभर नोंदवले असता, हिवाळ्यात त्यांचा चयापचय, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवून ती खर्च करण्याची शरीराची गती, लक्षणीय मंदावत असल्याचे दिसून आले. ही अस्वलाच्या शीतनिद्रेसारखी झोप नव्हे. प्राणी जागा राहतो, चरतो, फक्त दिवा मंद करावा तसा शरीराचा खर्च आवरता घेतो. वारा सुटला की कळप त्याच्याकडे पाठ करून, शेपट्या मांड्यांत दाबून उभा राहतो. पायांच्या खालच्या भागात स्नायू जवळपास नसतात, बहुतांश हाडे आणि कंडराच असतात. त्यामुळे तो भाग बराच थंड झाला तरी काही बिघडत नाही. आतून शेगडीचे काम पोट करते: कोरडे, चिवट गवत मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या अंधनाल नावाच्या पिशवीत आणि त्यापुढील आतड्यात सूक्ष्मजीवांकडून आंबवले जाते आणि त्या प्रक्रियेत उष्णताही निर्माण होते.

गैरसमज ४: बर्फाने जमीन झाकली की चारा आणि पाणी दोन्ही संपतात.

वस्तुस्थिती: घोडा पुढच्या खुराने बर्फ उकरतो, तेवढ्या खळग्यात नाक घालून ओठांनी गवताची काडी चाचपतो आणि दातांनी ती कुरतडून घेतो. ज्या उतारांवर वाऱ्याने बर्फ उडून गेलेला असतो, तेथे ही मेहनतही वाचते. म्हणूनच कळप अनेकदा उघड्या, वाऱ्याच्या कड्यांवर दिसतात. झरे गोठले तर घोडे मऊ बर्फ खाऊन पाण्याची गरज भागवू शकतात, मात्र तो वितळवण्यासाठी शरीराची थोडी ऊब खर्ची पडते.

गैरसमज ५: रानघोड्यांचा बळी घेते ती थंडीच.

वस्तुस्थिती: कोरड्या थंडीपेक्षा घातक ठरतो तो चाऱ्यावर पडलेला पहारा. कडक हिवाळ्यात जनावरे मोठ्या संख्येने दगावतात त्या आपत्तीला मंगोल भाषेत 'झुद' म्हणतात. कधी बर्फाचा थर उकरण्यापलीकडे खोल होतो, तर कधी मध्येच वितळलेला बर्फ पुन्हा गोठून गवतावर काचेसारखा कडक पापुद्रा चढवतो. आधीचा उन्हाळा कोरडा गेला असेल, तर अंगावर चरबीही पुरेशी चढलेली नसते. २००९-१० च्या झुदमध्ये मंगोलियाच्या नैर्ऋत्येकडील गोबी संरक्षित क्षेत्रातील ताखींपैकी सुमारे ६० टक्के मरण पावले. त्याच प्रदेशातील खुलान ही रानगाढवे मात्र दूरवर स्थलांतर करत असल्याने बर्फ कमी असलेल्या भागाकडे सरकली आणि मोठ्या प्रमाणात वाचली. एरवीही कसोटीचा काळ ऐन कडाक्यात नसून त्याच्या शेवटी येतो, कारण तेव्हा चरबीचा साठा संपत आलेला असतो, नवे गवत उगवलेले नसते आणि सुमारे ११ महिन्यांची गर्भावस्था संपत आलेल्या घोड्यांच्या पोटात शिंगरू वाढत असते.

गैरसमज ६: खरा रानघोडा आता प्राणिसंग्रहालयातच पाहता येतो.

वस्तुस्थिती: एकेकाळी हे खरे होते. निसर्गातील शेवटचा ताखी १९६९ मध्ये दिसल्याची नोंद आहे; त्यानंतर ही जात प्राणिसंग्रहालयांतील जेमतेम डझनभर पूर्वजांच्या वंशावर टिकून राहिली. १९९२ पासून तिला मंगोलियात परत नेण्यात आले आणि आज उलानबातरच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवरील हुस्ताई राष्ट्रीय उद्यानात ३०० हून अधिक ताखी मोकळे नांदतात. उन्हाळ्यात पहाटे किंवा संध्याकाळी ते डोंगरावरून पाण्याकडे उतरतात, त्या वेळी ते दिसण्याची शक्यता अधिक असते. पिवळसर तपकिरी अंग, पांढुरके नाक, पाठीच्या कण्यावरून गेलेला गडद पट्टा आणि कपाळावर झुलूप नसलेली ताठ उभी आयाळ, या खुणांवरून ताखी ओळखता येतो. गोबीतील ताखीन ताल हे दुसरे ठिकाण अधिक दुर्गम आहे, तर हंगेरीतील होर्तोबाज हे राखीव क्षेत्र युरोपातून सोयीचे पडते. रानवट मस्टँग पाहायचे असतील, तर अमेरिकेतील माँटाना आणि वायोमिंगच्या सीमेवर १९६८ मध्ये राखीव झालेले प्रायर पर्वताचे क्षेत्र प्रसिद्ध असून, तेथील काही कळप बिगहॉर्न खोऱ्यातील रस्त्यावरूनही दृष्टीस पडतात.

हिवाळ्यात जाणाऱ्याने मात्र वरील सारा हिशेब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. छायाचित्रासाठी जवळ जाऊन उधळलेला कळप पाहणाऱ्याला डौलदार वाटतो. पण त्या दौडीत जळणारी चरबी मार्चमध्ये भरून काढता येत नाही. दुर्बीण डोळ्याला लावून, वाऱ्याकडे पाठ करून स्तब्ध उभा असलेला आणि वरकरणी काहीच न करणारा घोडा लांबून न्याहाळणे हेच हिवाळ्यातील खरे दर्शन होय, कारण त्या स्तब्धतेतच त्याचे जगणे चाललेले असते.